किडनीचा जुना आजार घरात असेल तर : घरच्यांनी काय करायचं आणि काय पेशंटवर सोडायचं

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, वाढल्याचं कळलं की बहुतेक घरांत एकदम धांदल उडते. मीठ बंद, डाळ बंद, फळं बंद, बाहेर जाणं बंद. कुणी ऐकीव काढा घेऊन येतं, कुणी भरपूर पाणी प्यायला सांगतं, कुणी घोटभरही पिऊ नको म्हणतं. सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं, पण ज्याला आजार झालाय त्याला कुणी काही विचारत नाही. महिना-दोन महिन्यांत घरचे थकतात, पेशंट चिडतो आणि पथ्य गुपचूप मोडायला लागतं.

क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे सीकेडी, हा वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे. जगात किडनीच्या कुठल्या ना कुठल्या आजाराचे सुमारे ८५ कोटी लोक असावेत असा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना डायलिसिस लागत नाही. ते नोकरी करतात, घर चालवतात, नातवंडं सांभाळतात. तेव्हा घरच्यांची मदतही दहा-वीस वर्षं पुरेल अशी, ठरवून वाटलेली हवी. कामं तुम्ही उचला, निर्णय पेशंटच्या हातात राहू द्या. पुढचं सगळं याच एका विचाराने लिहिलं आहे.

१. आधी रिपोर्ट नीट वाचायला शिका

घरातल्या निदान एका माणसाला दोन आकडे कळायला हवेत : रक्तातला ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज) आणि लघवीतला एसीआर (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातंय त्याचं माप).

क्रिएटिनिन एकट्याने फसवतं, कारण ते स्नायूंमधून तयार होतं. १.४ हा आकडा ३० वर्षांच्या पुरुषात आला तर ईजीएफआर सुमारे ६९ निघतो, तोच १.४ हा ७५ वर्षांच्या बाईत आला तर ईजीएफआर ३९ च्या आसपास. त्यामुळे 'क्रिएटिनिन थोडंसंच वाढलंय' असं म्हणून वयस्क आईचा रिपोर्ट बाजूला ठेवू नका.

ईजीएफआर ९० च्या वर असेल तर पहिली पायरी, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरी अ, ३० ते ४४ तिसरी ब, १५ ते २९ चौथी आणि १५ च्या खाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांत आजार म्हणायला आणखी काही पुरावा लागतो, उदाहरणार्थ लघवीतून प्रथिनं जाणं. एसीआर दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावा. ३०० च्या वर गेला की किडनीची झीज वेगाने होण्याचा धोका बराच वाढतो. ईजीएफआर बरा आणि एसीआर वाईट असंही असतं, आणि नेमका हाच पेशंट 'मला काही होत नाही' म्हणून तपासणी टाळतो.

एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नका. जुलाब, ताप, एखादं औषध यांमुळे आकडा तात्पुरता बिघडू शकतो. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच तो जुना आजार धरतात. पण क्रिएटिनिन काही दिवसांतच झपाट्याने चढलं असेल तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं.

एक वही करा. तारीख, ईजीएफआर, एसीआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, वजन, बीपी. जुने रिपोर्ट शोधून त्यातले आकडेही चढवा. एकट्या आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा असतो : वर्षाला ५ पेक्षा जास्त घसरण सातत्याने होत असेल तर आजार वेगात आहे असं समजतात. नव्या डॉक्टरांसमोर पिशवीभर कागद ओतण्यापेक्षा हे एक पान पुढे ठेवलं तर भेटीतला निम्मा वेळ वाचतो.

तिसऱ्या पायरीचं नाव ऐकून लगेच डायलिसिस डोळ्यांसमोर येतं, पण त्या पायरीवरच्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येत नाही. त्यांना मोठा धोका हृदयाचा असतो. म्हणून तंबाखू सोडणं, कोलेस्टेरॉलची गोळी, रोजचं चालणं हीसुद्धा किडनीचीच औषधं समजा.

२. एकदा सगळे बसा आणि कामं वाटा

या बैठकीत पहिला प्रश्न पेशंटला विचारा : "तुम्हाला कशात मदत हवी आहे, आणि कशात नको?" उत्तर ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखाद्या वडिलांना गोळ्या स्वतःच घ्यायच्या असतात, पण दवाखान्यातल्या रांगा आणि कागदपत्रं नकोशी होतात. एखाद्या आईला स्वयंपाक स्वतःच्या हातातून जायला नको असतो, पण रिपोर्ट वाचायची भीती वाटते. जे त्यांना जमतं ते काढून घेतलं की माणूस आतून खचतो.

मग वाटणी करा. दवाखान्यात सोबत एकाने जायचं, औषधं संपायच्या आधी आणायची जबाबदारी दुसऱ्याची, विमा आणि पैशांचे कागद तिसऱ्याकडे. परगावी राहणाऱ्या मुलालाही काम द्या : रिपोर्टचे फोटो नीट लावून ठेवणं, पुढच्या तारखा लक्षात ठेवणं, आठवड्यातून एकदा आजाराशिवाय दुसऱ्या विषयावर फोन करणं. लांबून नुसत्या सूचना देणाऱ्या नातेवाइकाचा जवळ राहून करणाऱ्याला फार त्रास होतो, म्हणून सूचना देणाऱ्याला काम दिलेलं बरं.

डॉक्टरांसमोर एक पथ्य घरच्यांनी पाळायचं. "झोप कशी लागते?" असं विचारलं की सोबत आलेली मुलगी पटकन म्हणते, "छान लागते, दहाला झोपतात." वडील गप्प. रात्री दोन वाजता पाय नुसते वळवळतात, खाजेने जाग येते, सकाळी ब्रश तोंडात घातला की मळमळतं हे फक्त त्यांनाच माहीत असतं, आणि किडनीच्या डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. आधी पेशंटला बोलू द्या. मग राहिलेलं तुम्ही सांगा.

३. घरी बीपी मोजा, पण नीट मोजा

बीपी हा किडनी बिघडवणाराही आहे आणि बिघडलेल्या किडनीमुळे वाढणाराही. घाईत घेतलेला आकडा मात्र उपयोगाचा नसतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटं शांत बसायचं. दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीला टेकलेला हवा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. मोजताना कुणीही बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी असं डॉक्टरांच्या भेटीआधीचा आठवडाभर केलं तरी पुरतं.

लक्ष्य डॉक्टरांकडून लिहून घ्या. बरेच डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात वरचा आकडा, नीट पद्धतीने मोजलेला, १२० च्या खाली असावा असं म्हटलं आहे. वयस्क माणसाला उभं राहताना चक्कर येत असेल तर उभं राहूनही बीपी मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

४. औषधं : इथे घरच्यांचं लक्ष सगळ्यात जास्त हवं

सगळ्या गोळ्यांची एक यादी करा. नाव, डोस, वेळ आणि ती कशासाठी आहे. 'कशासाठी' हा रकाना मुद्दाम ठेवा, कारण किडनीच्या काही औषधांची नावं दिशाभूल करतात.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही बीपीची औषधं लघवीतून जाणारी प्रथिनंही कमी करतात, म्हणून ती बीपी ठीक असतानाही दिली जातात. 'बीपी नॉर्मल आलं, आता कशाला गोळी' म्हणून ती बंद करू नका. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा स्वीकारतात, आणि म्हणूनच दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासतात. ती तपासणी चुकवू नका. तसंच डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची औषधं आता मधुमेह नसलेल्या किडनीच्या पेशंटनाही देतात, कारण झीज मंदावत असल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. चिठ्ठीवर डायबेटिसची गोळी बघून 'डॉक्टर चुकले' असं समजू नका. विचारा, आणि यादीत लिहून ठेवा.

आता घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळू. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या दुखण्याच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. गुडघे दुखतात म्हणून रोज एक, डोकं दुखतं म्हणून एक असं वर्षानुवर्षं चालतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. डब्यातून त्या गोळ्या काढून टाका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सहसा चालतं, त्याचाही डोस विचारून. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली अॅसिडिटीची औषधं, पोट साफ होण्यासाठी घ्यायची काही औषधं, 'नैसर्गिक' म्हणून मिळणारी पूड आणि भस्मं यांचंही तसंच. अॅरिस्टोलोचिक आम्ल असलेल्या वनस्पतींनी किडनी निकामी झाल्याची आणि त्यातून मूत्रमार्गाचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. जड धातू असलेल्या औषधांनीही किडनीला इजा होते. नातेवाइकाने प्रेमाने आणलेल्या बाटलीला नाही म्हणणं पेशंटला जड जातं. तो वाईटपणा घरच्यांनी घ्यावा.

दाताच्या डॉक्टरांना, हाडाच्या डॉक्टरांना, औषधाच्या दुकानात, सगळीकडे ईजीएफआरचा आकडा सांगायची सवय लावा. अनेक अँटिबायोटिकचा डोस त्यावर ठरतो. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर थांबवतात, ४५ च्या खाली डोस कमी करतात. स्कॅनसाठी डाय द्यायची असेल तर आधी किडनीच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

मधुमेह असलेल्या घरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वर्षानुवर्षं न आटोपणारी साखर अचानक छान यायला लागली, आहे त्याच डोसवर ८०-९० यायला लागली, की घरात आनंद होतो. पण ही किडनी मंदावल्याची खूण असू शकते, कारण इन्सुलिन शरीरातून बाहेर टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. किडनी मंदावली की इन्सुलिन जास्त वेळ टिकतं आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पहाटे घाम फुटणं, हात थरथरणं, बरळणं दिसलं तर साखर मोजा आणि डोस कमी करण्याबद्दल लगेच डॉक्टरांशी बोला. पोटॅशियम वाढलेलं असेल तर अशा वेळी संत्र्याच्या रसाऐवजी साखर किंवा ग्लुकोज द्या.

आणि एक प्रश्न आत्ताच, तब्येत बरी असताना विचारून ठेवा : उलट्या, जुलाब, जास्त ताप आला आणि पाणी पोटात ठरेना तर कुठल्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या? शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना वरची बीपीची औषधं, लघवी वाढवणारी औषधं, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं किडनीला किंवा शरीराला घातक ठरू शकतात. उत्तर नावांसकट लिहून फ्रिजवर चिकटवा. पुन्हा कधी सुरू करायच्या तेही त्यावर असू द्या, नाहीतर थांबवलेली गोळी महिनोन्‌महिने थांबलेलीच राहते.

५. स्वयंपाकघर

पथ्याच्या नावाखाली जेवढा छळ या आजारात होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशात होत असेल. सगळ्यांना एकच पथ्य नसतं. ते पायरीवर आणि रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं, आणि बदलत राहतं. आहारतज्ज्ञाला एकदा तरी भेटा, आणि स्वयंपाक जो करतो त्यालाच सोबत न्या.

मीठ मात्र जवळपास प्रत्येकाने कमी करायचं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि यात लोणची, चिप्स, सॉस, पाकिटातलं सूप, ब्रेड, चीज यांतलं मीठसुद्धा धरायचं. हे पेशंटसाठी वेगळं शिजवून करू नका. सगळ्या घराचंच मीठ उतरवा. एकाने आळणी खायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर चमचमीत, हे फार दिवस चालत नाही. चव काही आठवड्यांत जुळते. लिंबू, आलं, लसूण, मिरी, जिरं, कोथिंबीर सढळ वापरा. बाजारातलं 'कमी सोडियमचं मीठ' मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या पेशंटला ते जास्त घातक ठरू शकतं.

प्रथिनांबद्दल दोन उलट चुका होतात. डायलिसिसच्या आधी, तिसऱ्या ते पाचव्या पायरीत, वजनाच्या दर किलोला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. म्हणजे डाळ, दूध, अंडं पूर्ण बंद करायची गरज नसते. प्रथिनांची पावडर आणि मांसाचे ढीग टाळायचे. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं : दर किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जातात. घरचे जुनंच पथ्य पुढे चालवतात, पेशंट हळूहळू वाळतो, आणि सगळे म्हणतात आजारच तसा आहे. डायलिसिस सुरू झालं की लगेच नवा आहार लिहून घ्या.

पोटॅशियम रिपोर्टमध्ये वाढलेलं नसेल तर फळं-भाज्या तोडू नका; त्यांचा फायदाच आहे. वाढलेलं असेल तर केळी, बटाटा, टोमॅटो, पालक, संत्री, सुकामेवा, नारळपाणी यांवर मर्यादा येते. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं की त्यातलं पोटॅशियम बरंच उतरतं. ते पाणी रश्शात वापरलं तर केलेलं सगळं फुकट. बद्धकोष्ठानेही पोटॅशियम वाढतं, कारण किडनी थकली की आतडी त्यातला वाटा उचलतात. पोट साफ होतं का हे विचारायला लाजू नका.

फॉस्फरस सगळ्यात जास्त लपतो तो डबाबंद आणि पाकीटबंद पदार्थांत. गडद रंगाचे कोला, प्रक्रिया केलेलं मांस, प्रोसेस्ड चीज यांत मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शरीरात शोषलं जातं, तर डाळी-धान्यांतलं बरंच कमी. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत 'फॉस्फेट' दिसलं की पाकीट खाली ठेवा. फॉस्फरस कमी करणारी गोळी दिली असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची, जेवण झाल्यावर तासाभराने घेऊन उपयोग नाही.

एक फळ पूर्ण वर्ज्य : स्टारफ्रूट, म्हणजे करमळ. किडनी काम करत नसेल तर त्यातलं विष मेंदूपर्यंत जातं. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके येऊ शकतात आणि मृत्यूही होऊ शकतो.

पाण्याचं काय? 'किडनी धुऊन निघते' म्हणून लिटरच्या लिटर पाणी पाजू नका. सुरुवातीच्या पायऱ्यांत तहानेप्रमाणे प्यायचं. सूज, धाप, लघवी कमी होणं सुरू झालं की डॉक्टर माप ठरवून देतात. मग दिवसाचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, सूप घेतलं की तेवढं बाटलीतून ओतून टाका. दर वेळी 'किती प्यालात' असं विचारावं लागत नाही, पेशंटला स्वतःलाच दिसतं. तहान मिठाने लागते, म्हणून मीठ सुटलं तर पाण्याचा हट्टही सुटतो.

६. हाताच्या शिरा राखा

चौथ्या पायरीपासून, खरं तर तिसरी ब असतानाच, एक नियम पाळा : ज्या हाताने पेशंट लिहीत नाही त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरांतून रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायची नाही. तळहाताच्या मागच्या बाजूच्या शिरा वापरायला सांगा. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन) करायची वेळ आली तर याच शिरा लागतात, आणि इस्पितळाच्या एका मुक्कामात त्या खराब होऊ शकतात. तापात पडलेल्या पेशंटला हे सांगायचं भान नसतं. ते सोबत असलेल्याने, नम्रपणे पण ठामपणे, सांगायचं.

७. डायलिसिसचं बोलणं घाबरायच्या आत करा

ईजीएफआर ३० च्या खाली आला की हे बोलणं सुरू व्हायला हवं. उशीर केला की रात्री धाप लागून इस्पितळात धावावं लागतं, मानेतल्या शिरेत घाईने नळी घालावी लागते, आणि कुठलीच निवड हातात राहत नाही.

पर्याय चार आहेत. हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करणं : सहसा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास, केंद्रात जाऊन. पोटाचं डायलिसिस : घरी, दिवसातून साधारण चार वेळा सुमारे २ लिटर द्रव पोटात सोडायचा आणि आधीचा काढायचा, किंवा रात्री यंत्रावर. प्रत्यारोपण. आणि डायलिसिस न करता औषधांनी त्रास कमी ठेवत जगणं. हा चौथा पर्याय घरचे उच्चारूच देत नाहीत. खूप वय झालेल्या, इतर मोठे आजार असलेल्या माणसाने विचार करून तो निवडला तर ती हार मानू नका. त्यातही धाप, खाज, मळमळ, वेदना यांवर पूर्ण उपचार असतात. निवडणारा तोच असला पाहिजे, एवढंच बघा.

प्रत्यारोपणाचा प्रश्न थेट घरात शिरतो. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये झालं, तेव्हा रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला किडनी दिली. देणारा रोनाल्ड त्यानंतर ५६ वर्षं जगला. आज औषधांमुळे जुळं असण्याची अट उरली नाही. नवरा बायकोला, सासू सुनेलाही देऊ शकते, रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलही करता येते. डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच प्रत्यारोपण झालं तर उत्तम, म्हणून तपासण्या ईजीएफआर २० च्या आसपास येताच सुरू करतात. नको तेव्हा रक्त चढवणं टाळा, कारण त्याने पुढे किडनी जुळणं अवघड होतं.

देणाऱ्यावर मात्र कुणीही दबाव आणू नये. घरातल्या धाकट्या सुनेकडे किंवा अविवाहित बहिणीकडे सगळ्यांच्या नजरा वळणं हाही दबावच. देणाऱ्याने डॉक्टरांना एकट्याने भेटावं. त्याने नाही म्हटलं तर तो विषय तिथे संपला, पुढे सणासमारंभात पुन्हा काढायचा नाही.

८. डायलिसिस सुरू झाल्यावरचं घर

फिस्टुला झालेल्या हातावर रोज सकाळी बोटं ठेवा. त्वचेखाली एक सततची थरथर जाणवते. ती चालू आहे म्हणजे रक्त वाहतंय. हे पेशंटने स्वतः शिकावं, घरातल्या आणखी एकाने शिकावं. थरथर थांबली तर उद्यावर ढकलू नका, त्याच वेळी केंद्राला फोन करा. वेळेत गेलं तर गुठळी काढता येते. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नाही, उशाशी हात घेऊन झोपणं नाही. घरी सुईच्या जागेतून रक्त आलं तर स्वच्छ कापड घेऊन बोटाने नेमक्या जागी दाबून धरा, हात उंच ठेवा. थांबत नसेल तर दाबलेलं न सोडताच इस्पितळात जा.

दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साधारण कोरड्या वजनाच्या (अंगात साठलेलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनाच्या) ४ टक्क्यांच्या आत वाढावं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं अडीच किलोच्या आत. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून जातो. त्या संध्याकाळी पाहुणे, हिशेब, वाद काहीच नको. पोटाचं डायलिसिस असेल तर हात धुणं आणि मास्क यांत एकदाही सूट नाही, आणि बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर ती पिशवी घेऊन लगेच केंद्रात जायचं.

झोपल्यावर धाप लागणं, छातीत दुखणं, एकदम पायातली शक्ती जाणं, छातीत धडधड, बरळणं, डायलिसिसची नळी घातलेली असताना थंडी वाजून ताप, लघवी अचानक बंद होणं : यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. पोटॅशियम ६ च्या वर आल्याचा रिपोर्टही सकाळपर्यंत ठेवायचा नसतो.

९. मन, आणि सांभाळणाऱ्याचं मन

या आजारात नैराश्य खूप दिसतं आणि फार थोड्यांचं ओळखलं जातं, कारण थकवा, भूक नसणं, झोप उडणं ही लक्षणं किडनीचीही असतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ माणूस कशातच रमत नसेल, डायलिसिस चुकवायला लागला असेल, 'मी ओझं झालोय' म्हणत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. मरणाचं बोलणं मनावर घ्या, थट्टेवारी नेऊ नका. शरीरसंबंधांतल्या अडचणीही या आजारात नेहमीच्या आहेत आणि त्यावर उपचार आहेत. नवरा-बायकोने डॉक्टरांना विचारावं.

पथ्य मोडलं तर पोलिसी चौकशी करू नका. "काल लग्नात जेवलात ना?" असं सगळ्यांसमोर विचारलं की पुढच्या वेळी तो लपवून खातो आणि तुम्हाला खरं कळणं बंद होतं. "आज पायाला सूज दिसतेय, वजन बघूया का?" एवढंच पुरतं.

सांभाळणाऱ्या माणसाने आठवड्यातला एक अर्धा दिवस ठरवून बाजूला काढावा आणि त्या वेळी दुसऱ्या कुणाची पाळी लावावी. बहुतेक घरांत हे काम एकाच बाईवर पडतं आणि ती कुणाला सांगत नाही. वाटणीच्या बैठकीत तिची सुट्टीही लिहून टाका. दर तीन महिन्यांनी पुन्हा बसा. आजार बदलतो, माणसांच्या नोकऱ्या बदलतात, वाटणीही बदलावी लागते.

१०. घरच्यांच्या स्वतःच्या तपासण्या

पेशंटच्या मागे धावताना भावंडं आणि मुलं स्वतःकडे बघत नाहीत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी बिघडण्याची सगळ्यात मोठी कारणं आहेत आणि दोन्ही घराण्यांत चालत येतात. रक्ताच्या नात्यातल्या प्रत्येक प्रौढाने बीपी, रक्तातली साखर, क्रिएटिनिनसह ईजीएफआर आणि लघवीचा एसीआर करून घ्यावा. लघवीची तपासणी गाळू नका, कारण बिघाड बहुधा तिथे आधी दिसतो. आजार पॉलिसिस्टिक किडनीचा असेल, तर त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा घरातल्या मुलांनी मोठं झाल्यावर सोनोग्राफीबद्दल किडनीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि किडनी द्यायचा विचार असेल तर त्याआधी हा आजार नसल्याची खात्री करून घ्यावी. रिपोर्ट नॉर्मल आले तरी मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी ते दरवर्षी करायचे. त्यांचे आकडे चढवायला वहीत शेवटची काही पानं राखून ठेवा.